फ्रीजरमधलं वाळवण

सासरे आमच्याकडे कायमचे राहायला आले तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि त्यांनी आयुष्यात एकदाही स्वतःचं पान स्वतः वाढून घेतलेलं नव्हतं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. नव्या भाडेकरूला पाण्याची टाकी कुठे आहे ते आधी सांगून ठेवतात, तसं सांगते आहे. पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे.

सासूबाई नागपूरला वारल्या. त्यानंतर वर्षभर ते धाकट्या दिराकडे राहिले. दिराचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही आणि यांचे गुडघे पाटबंधारे खात्यात कालव्यांच्या कडेने चालून चालून संपलेले. वर्षभरात ते खाली उतरले ते दवाखान्यापुरते. मग आम्ही त्यांना अमेरिकेत, आमच्याकडे ईडन प्रेरीला आणलं. इथे घराला पायऱ्या फक्त तळघराच्या, खोली खालीच, खिडकीतून तळं दिसायचं. हिवाळ्यात ते गोठलेलं असायचं, पण दिसायचं. मुलगा कॉलेजला दुसऱ्या राज्यात होता. नवरा कन्सल्टिंगमध्ये, सोमवारी पहाटे विमानाने जायचा आणि गुरुवारी परत यायचा. म्हणजे आठवड्यातले बहुतेक दिवस घरात बाबा आणि मी, आणि मी आठ वाजता नोकरीला.

मी पाचला उठायचे. पोळ्या, भाजी, वरण, भात. त्यातलं थोडं माझ्या डब्यात, बाकी बाबांसाठी काचेच्या डब्यांत भरून फ्रीजमध्ये. मग गाडीवरचं बर्फ खरवडायचं. मिनेसोटात जानेवारीत गाडीवरचं बर्फ खरवडणं हे एक स्वतंत्र काम आहे आणि त्याचा कोणाला पगार मिळत नाही. दुपारी मी ऑफिसातून फोन करायचे.

"बाबा, जेवलात?"

"हो."

"गरम करून ना?"

"हो हो. तू तुझं काम कर."

असं दिवाळीपासून चाललं होतं. जानेवारीत एका दुपारी त्यांनी फोन उचलला आणि मला विचारलं, "कोणत्या गावाहून बोलताय आपण?"

सासरे मला 'आपण' म्हणाले म्हटल्यावर मी हातातलं काम टाकलं. मी इमर्जन्सीला फोन लावला, गॅरेजच्या दाराचे आकडे त्यांना सांगितले आणि गाडी काढली. मी पोचले तेव्हा ते लोक आधीच आले होते. बाबा स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसलेले, सदरा घामाने चिंब, आणि एक धिप्पाड तरुण त्यांना लहान मुलासारखा संत्र्याचा रस पाजत होता. साखर उतरली होती. सकाळी मधुमेहाची गोळी घेतलेली आणि दुपारी पोटात काही नाही. फ्रीज उघडला तर काचेचे डबे मी ठेवले तसेच होते. घरामागच्या लाकडी डेकवर पोळीचे तुकडे पडलेले. त्या हिवाळ्यात आमच्याकडच्या खारी एवढ्या का माजल्या होत्या, ते मला तेव्हा कळलं.

डॉक्टरीण बाईंनी गोळी कमी केली, पण स्पष्ट सांगितलं, "यांचं दुपारचं जेवण चुकता कामा नये. चुकणार असेल तर यांना एकटं ठेवू नका. पुढच्या वेळी फोन उचलायला ते शुद्धीवर असतीलच असं नाही."

घरी आल्यावर मी त्यांना सरळ विचारलं. मला आडून विचारता येत नाही.

"बाबा, किती दिवस जेवत नाही आहात?"

"जेवतो की. रात्री जेवतो."

"दुपारचं?"

ते तळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शिळं मी खात नाही."

"शिळं? मी पहाटे पाचला उठून करते ते!"

"पहाटे केलंस, झाकलंस, फ्रीजमध्ये टाकलंस. गार झालं की अन्न संपलं. मग त्याला परत गरम केलं काय आणि नाही काय. तुझी सासू दोन वेळेला चूल पेटवायची."

"त्यांना आठ तासांची नोकरी नव्हती."

"मी कुठे तुला काही म्हणतोय? म्हणून तर बोललो नाही. खारींना घातलं. वाया नाही घालवलं."

हे खरं होतं. बोलले नाहीत. उपाशी राहिले, पण सुनेला उलट उत्तर दिलं नाही. अशा माणसावर नीट चिडताही येत नाही आणि तेच जास्त थकवणारं असतं. बरं, त्यांना ताजं करून खा म्हणावं, तर हात थरथरायचे. आमची शेगडी विजेची, काचेच्या सपाट पृष्ठभागाची. तापलेली आहे की नाही ते डोळ्यांना धड कळत नाही. एकदा त्यांनी तिच्यावर वर्तमानपत्र ठेवलं होतं. त्या दिवसापासून शेगडी त्यांना बंद. राहिला मायक्रोवेव्ह.

रविवारी नवरा घरी होता. बाबांसमोर मी त्याला 'अहो' म्हणते, एकटे असलो की 'अरे'. त्या दिवशी आम्ही तळघरात कपड्यांच्या घड्या घालत होतो, म्हणून 'अरे'वर होते.

"भाऊ म्हणतोय, पाठवून दे," तो म्हणाला. "घरात बायको असते दिवसभर. गरम गरम वाढेल."

"आणि जिना?"

"तो म्हणतो, उतरायचंच कशाला खाली?"

"अरे, पण त्यांना तिथे नको होतं म्हणून तर आपण इथे आणलं ना!"

"मग दुसरं काय करायचं सांग. तू नोकरी सोडणार आहेस का?"

"तू सोडतोस?"

त्याने पुढचा टॉवेल घडीला घेतला. मी नोकरी सोडणार नव्हते. मुलगा शाळेत असताना रात्रीचे वर्ग करून, पंचेचाळिशी गाठल्यावर मिळवलेली नोकरी होती ती. हृदयात बसवायची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत तपासणी विभागात. तिथे मला कोणी 'तू तुझं काम कर' असं म्हणत नव्हतं, कारण मी ते करतच असे.

वर आलो तर बाबा जिन्याच्या तोंडाशी उभे. ऐकू कमी येतं म्हणायचे, पण नेमकं तेवढं ऐकू आलं होतं.

"मी काय पार्सल आहे?" ते म्हणाले. "इकडून तिकडे, तिकडून इकडे. त्या तिसऱ्या मजल्यावर मला परत नेऊ नका. तिथून माणूस एकदाच खाली येतो."

नवऱ्याने घसा खाकरला. "बाबा, एप्रिलपर्यंत बघू. तोवर दुपारचं काही जमलं तर ठीक."

आणि ते जमवायचं काम, अर्थातच, माझं.

आम्ही ज्येष्ठ नागरिकांचं दिवसाचं केंद्र बघून आलो. स्वच्छ होतं, लोक प्रेमळ होते, पण बाबा शाकाहारी आणि जेवणात टर्कीचं मांस होतं. मराठी मंडळातल्या एक काकू आठवडाभर येऊन गरम फुलके करून गेल्या. मग त्यांच्या मुलीचं बाळंतपण आलं. त्यानंतर मी रोज दुपारी घरी जायला लागले. ऑफिसातून घर, कुकर, पान, परत ऑफिस. माझा स्वतःचा डबा मी गाडीत खायचे, पोळीची गुंडाळी एका हातात आणि दुसरा हात चाकावर. बाबा मात्र त्या दिवसांत पोटभर जेवायचे. ताटाभोवती पाणी फिरवायचे, चित्राहुती घालायचे, आणि मी कोट अंगावरच ठेवून उभी असायचे. एकदा म्हणाले, "बस की तूही दोन घास." मी म्हटलं, "पार्किंगमध्ये परत जागा मिळत नाही." माझ्या साहेबांनी अजून काही म्हटलं नव्हतं, पण ते घड्याळाकडे बघायला लागले होते.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक पोलिश घराण्यातली बाई काम करायची. मोठ्या हाडाची, मोठ्या आवाजाची. ती आजीच्या काळापासूनची मिनियापोलिसची. एक दिवस मी कोट चढवत असताना ती ब्रेकरूममध्ये मायक्रोवेव्हसमोर उभी होती. आत टोमॅटोच्या रसात कोबीच्या पानाच्या दोन जाड गुंडाळ्या. दगडासारख्या गोठलेल्या आत गेल्या आणि वाफाळत बाहेर आल्या.

"तू रोज कुठे पळतेस?" तिने विचारलं.

मी सांगितलं. थोडक्यात सांगितलं, तरी ती हातातला काटा खाली ठेवून ऐकत राहिली.

"मग त्याला हे दे ना. माणसाला फक्त बटण दाबायचं असतं. माझा नवरासुद्धा दाबतो."

"ते मांस खात नाहीत."

"आता लेंट सुरू होतंय," ती म्हणाली. "ईस्टरपर्यंत आमच्यातले जुने लोक मांस सोडतात. दुकानात भात आणि मशरूम भरलेले मिळतील."

सुपरमार्केटच्या फ्रोझन विभागात मी आधीच बघून आले होते. तिथे जे होतं त्या सगळ्यात गाईचं मांस. शनिवारी तिने सांगितलेल्या दुकानात गेले. शहराच्या दुसऱ्या टोकाला, चर्चच्या मागे, छोटं दुकान. फ्रीजरमध्ये अॅल्युमिनियमच्या तबकांत रोल, वर पुठ्ठ्याचं झाकण. मी दुकानदारीण बाईंना तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारलं. मांस? नाही. चरबी? नाही, तेल. हाडांचा रस्सा? ती वैतागली. "लेंट आहे, बाई," म्हणाली. "मी स्वतः हेच खाते आहे." मी चार तबकं घेतली.

पहिल्या दिवशी मी घोळ घातला. पानात सारण भरून केलेली गुंडाळी म्हटल्यावर माझ्या हातांना एकच गोष्ट माहीत होती. मी ते रोल वितळवले, चाळणीवर वाफवले, गार केले आणि अळूवडीसारख्या चकत्या कापायला घेतल्या. अळूवडीत बेसन असतं, ते धरून ठेवतं. इथे आत नुसता भात. सुरी लावताच सगळं सुटलं. तरी मी हट्टाने मोहरी-तिळाची फोडणी करून त्यात ते तुकडे टाकले. कढईत भात, कोबीच्या चिंध्या आणि टोमॅटोचा चिखल.

नवऱ्याने ताटात बघितलं. "हे काय आहे? कोबीचा अपघात?"

"खा गुपचूप."

"नाही, खातो. पण पोलिसांना कळवलंस ना?"

बाबांनी मशरूमचा एक काळा तुकडा बोटाने वेगळा काढला. "हे काय?"

"मशरूम."

"कुत्र्याच्या छत्र्या?" असं म्हणून त्यांनी तो ताटाच्या कडेला ठेवला. बाकीचंही नाहीच खाल्लं. ताक-भात खाऊन उठले. मी उरलेलं उभ्याउभ्या कढईतूनच खाल्लं आणि कढई घासली.

दुसऱ्या दिवशी रविवार. माझ्यात परत काही रांधायचं त्राण नव्हतं. मी पुठ्ठ्यावर लिहिलं होतं तसं केलं, म्हणजे काहीच केलं नाही. दोन गोठलेले रोल ताटलीत ठेवले, वर झाकण, मायक्रोवेव्ह चालू. बाबा जेवायच्या टेबलाशी बसून काचेतून आतलं फिरणं बघत होते. आधी पांढरं बर्फ गेलं, मग रस खदखदायला लागला, मग झाकणाला घाम आला. मी ताटली त्यांच्यासमोर ठेवली. लिंबाची फोड, थोडी लसणाची चटणी. त्यांनी पाणी फिरवलं आणि चमच्याने एक रोल मोडला. वाफ आली. खाल्लं. दुसरा घास घेतला. मशरूमसकट.

खाणाऱ्या माणसाला बोलू नये.

दोन्ही रोल संपले. ते म्हणाले, "मीठ जरा जास्त आहे. पण गरम आहे. आत्ता झालेलं आहे."

"आत्ता?" मला राहवलं नाही. "बाबा, हे कधी केलेत देव जाणे. महिना झाला असेल. माझी पहाटेची भाजी तुम्हाला शिळी आणि हे ताजं?"

"तेव्हा बांधून ठेवलं होतं. झालं आत्ता. माझ्यासमोर झालं."

"आतला भात आधी शिजवलेला असतो."

"पापडाचं पीठही आधी उकळत्या पाण्यात भिजवतात. कुरडईचा चीक शिजवूनच घालतात. उन्हाळ्यात केलेली कुरडई तू दिवाळीत तळतेस. तिला शिळी म्हणतेस का?"

नवरा वर्तमानपत्राआडून म्हणाला, "पॉइंट आहे यार बाबांचा."

"तू गप्प बस," मी म्हटलं. बाबांसमोर तोंडातून 'तू' गेलं. कोणी लक्ष दिलं नाही.

मी विचार करत राहिले. वाळवणाला शिळेपण नाही. हे मलाही लहानपणापासून माहीत होतं, फक्त मी त्याचा कधी नियम म्हणून विचार केला नव्हता. त्यांच्या हिशेबी अन्नाचा जन्म एकदाच होतो, आणि तो खाणाऱ्याच्या समोर व्हायला हवा. माझ्या काचेच्या डब्यांतलं अन्न माझ्यासमोर जन्मलेलं होतं, त्यांच्या वाट्याला त्याचं उरलेलं आयुष्य यायचं. हे सगळं ते पाच महिन्यांपूर्वी बोलले असते तर बरं झालं असतं. पण बोलले नाहीत, कारण त्यांच्या पिढीच्या पुरुषाला स्वयंपाकघराबद्दल सुनेशी बोलणं म्हणजे तक्रार करणं वाटतं. आणि मीही विचारलं नव्हतं. मला वेळ नव्हता.

सोमवारपासून त्यांना मायक्रोवेव्ह शिकवला. कोणतं बटण, किती वेळ, झाकण कुठल्या बाजूने उघडायचं म्हणजे वाफ हातावर येत नाही. ते जुने ओव्हरसियर. यंत्राला नियम असेल तर त्यांना त्याची भीती नव्हती. मला ऑफिसात फोन यायचा, कारण आता फोन त्यांनी करायचा असं ठरलं होतं.

"लावलंय. फिरतंय."

"बरं."

"उकळी आली. ठेवतो फोन. गार होईल."

शेजारच्या टेबलावरची बाई विचारायची, "जेवतोय?" मी मान हलवायचे. मग मी माझा डबा उघडायचे आणि खुर्चीवर बसून खायचे. पहाटेची भाजी, शिळी. मला ती उत्तम लागायची. पहिल्या आठवड्यात बसून जेवताना माझ्या लक्षात आलं की माझी पाठ किती दुखते आहे. पळताना ते कळत नव्हतं.

मार्च असा गेला. बाबा रोज जेवत होते, साखर जागेवर होती. मी दर पंधरा दिवसांनी दुकानात जाऊन फ्रीजर भरत होते. मला वाटलं, सुटलो. मला कधीही 'सुटलो' असं वाटलं की मी सावध व्हायला हवं, पण होत नाही.

ईस्टर झाल्यानंतरच्या शनिवारी मी गेले तर फ्रीजरमध्ये सगळी तबकं डुकराच्या मांसाची.

"मशरूमचे?"

"उपास संपला," दुकानदारीण म्हणाली. "आता थेट नाताळच्या आदल्या दिवशी. तेव्हाही थोडेच."

मागच्या खोलीत शोधून तिने शेवटचं एक तबक आणून दिलं. एका तबकाने आठवडासुद्धा निघत नव्हता. आणि एप्रिल आला होता. नवऱ्याने कॅलेंडरवर काही खूण केली नव्हती, पण दिराचा फोन आला होता. मे महिन्यात त्यांच्या ओळखीचे एकजण अमेरिकेतून नागपूरला परत जाणार होते, सोबत चांगली होती. तिकीट काढायचं तर लवकर सांगा, म्हणाला. मी बाबांना दुकानातलं सांगितलं नाही. त्या दिवसांत ते मला दोनदा उगाचच म्हणाले, "मी हल्ली जेवतो हं दुपारचं." ते असं का म्हणतात ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं.

सोमवारी मी शेजारच्या बाईला विचारलं, "हे घरी कसे करतात?"

ती हसली. "आता तू विकत आणायचं सोडून करायला लागणार? मी विकत आणते कारण मला माझ्या आईसारखा रविवार घालवायचा नव्हता."

"मलाही नाही घालवायचा."

"मग कोबीचा अख्खा गड्डा आधी फ्रीजरमध्ये टाक," ती म्हणाली. "रात्रभर. मग बाहेर काढून वितळू दे. पानं फडक्यासारखी मऊ पडतात, उकळायची कटकट नाही. भात अर्धाच शिजव. मधली जाड शीर सुरीने तास, नाहीतर पान वळत नाही. आणि घट्ट बांध. पण फार घट्ट नाही, भात फुगतो."

हे मी तिला दोनदा सांगायला लावलं नाही. मी ऐकलं तसं केलं. फक्त मशरूम दुकानातल्यापेक्षा निम्मे घेतले आणि त्यात भिजवलेली मुगाची डाळ, आलं, मिरची आणि कोथिंबीर घातली. मीठ कमी केलं. वरच्या टोमॅटोच्या रसात थोडा गूळ आणि गोडा मसाला. रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत मी उभी होते. पानं वितळून त्यांचं पाणी ओट्यावरून खाली गळत होतं. रोल कच्चेच ओळीने तबकांत मांडले आणि फ्रीजरमध्ये टाकले. फ्रीजरचं दार लावताना मला माझ्या माहेरची गच्ची आठवली नाही की तिथल्या पापड लाटणाऱ्या बायका आठवल्या नाहीत. मला एवढंच वाटलं की तिथे त्या आठजणी असायच्या आणि इथे मी एकटी आहे.

बाबांना खोटं सांगायचा प्रश्नच नव्हता. सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत झालं होतं. प्रश्न एवढाच होता की दुकानातून आलेलं ते खातात, घरात माझ्या हातचं झालेलं, गोठवलेलं, ते खातील का. घरच्या अन्नाला ते नियम लावतात. दुकानाला लावत नव्हते, असंही असू शकत होतं. सकाळी निघताना मी तबक दाखवलं. त्यांनी रोल बोटाने दाबून बघितला.

सोमवारी दुपारी फोन आला नाही.

मी पाच मिनिटं थांबले, मग दहा. तपासणीच्या टेबलावर माझ्यासमोर ठेवलेला उपकरणाचा सुटा भाग मी दोनदा उलटा धरला. शेजारची बाई म्हणाली, "लाव ना फोन." मी लावला. वाजत राहिला. मी कोट घेतला, गाडीची किल्ली शोधली, आणि तेवढ्यात माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"झालं नव्हतं," बाबा म्हणाले. "मधे थंड होतं. परत लावलं. आधी कच्चे आहेत ना, जास्त वेळ लागतो. तू सांगितलं नाहीस."

"फोन वाजत होता, उचलला नाहीत."

"ताट हातात होतं. कसा उचलणार?"

"खाल्लंत का?"

"एक खाल्ला. दुसरा खातोय." थोडा वेळ चावण्याचा आवाज. "दुकानवाल्या बाईंचे जास्त घट्ट होते. तुझा एक सुटला. पण मीठ बरोबर आहे."

मी कोट परत खुंटीला लावला. शेजारची बाई माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली आणि खाली बसले. मला आनंद वगैरे झाला नाही. आता दर रविवारी हे करायचं, एवढंच डोळ्यांसमोर आलं.

मे महिन्यात डॉक्टरीण बाईंनी रक्त तपासलं आणि सगळं ठीक असल्याचं सांगितलं. दुपारी काय खातात, विचारलं. बाबांनी इंग्रजीत स्वतः उत्तर दिलं, "कॅबेज रोल्स. होममेड फ्रोझन." त्यांना त्या शब्दांचा अभिमान वाटत होता की काय, मला कळलं नाही. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले.

पुढच्या रविवारी मी टेबलाशी कोबीची पानं पसरून बसले होते. आता मी बसून करायला लागले होते. बाबा समोर. ते पानांच्या शिरा तासत नव्हते, सुरी त्यांच्या हातात मी देत नव्हते. पण माझे झालेले रोल ते एकेक उचलून बघायचे आणि नापास झालेले माझ्याकडे सरकवायचे. खात्यात बांधकामाची पाहणी करायचे तसंच असावं. नवरा आतल्या खोलीत भावाशी फोनवर बोलत होता. दार उघडं होतं.

"नाही, तिकीट काढू नकोस... नाही रे. इथेच राहणार आहेत... जेवतात ना. रोज. स्वतः करून घेतात... हो रे, खरंच सांगतोय."

बाबांच्या हातात एक रोल होता. तो तसाच धरून ते आतलं ऐकत होते. फोन ठेवल्याचा आवाज आला.

"माझ्याबद्दल बोलत होता?"

"हो."

"काय म्हणाला?"

"तुम्ही जेवता, म्हणाले."

"जेवतोच तर." त्यांनी हातातला रोल दोन्ही बाजूंनी फिरवून बघितला आणि माझ्यापुढे ठेवला. "हा सुटेल. परत बांध."

मी तो उलगडला. पातेल्यात अजून निम्मं सारण होतं.